शेवटच्या पानाच्या तळाशी आमचे हे

आमच्या ह्यांचं नाव एकोणीस वर्षं रोज पेपरात छापून आलं. मंत्र्याचं रोज येत नाही, नटीचं येत नाही, पण ह्यांचं न चुकता. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. संपादक म्हणून अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले, आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ: बातम्यांच्या निवडीची कायद्याने सर्वस्वी जबाबदारी यांची. वाचायला भिंग लागायचं. मी मात्र पेपर आला की आधी तो पालथा करायचे. नाव आहे ना? आहे. मग चहा.

आता खरं सांगते. ह्या माणसानं आयुष्यात एक बातमी लिहिलेली नाही. घरी दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तर तीही मीच लिहिते. हे पेपरात पान लावायचे. म्हणजे बातमीदारांच्या बातम्या नि फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर येणार, आणि हे ते सरकवून, कापून, दाबून आठ कॉलमांत बसवणार. फार तर एखादी ओळ जास्त झाली की शेवटचं विशेषण उडवायचे. त्याला काय संपादन म्हणतात होय? तेवढं तर मी भाजी निवडताना करते.

मग संपादक कसे झाले? कायद्याच्या कृपेनं. कायदा म्हणतो की पेपराला एक जबाबदार संपादक हवा, त्याचं नाव रोज छापलेलं हवं, आणि पेपरावर खटला झाला की तोच माणूस हजर हवा. मालकांना नाव लावता येईना, कारण त्यांच्याकडे सरकारी रस्त्यांचे ठेके. खरं लिहिणारे जे मोठे संपादक, त्यांनी एकदा अग्रलेखात एका न्यायाधीशाला असा काही शब्द वापरला होता की त्यांना संपादक म्हणून कुठल्याच घोषणापत्रावर सही करायची कायमची बंदी. मग ऑफिसभर शोधाशोध झाली. एकावर चेक न वटल्याचा खटला, एकानं स्कूटर पोलीस चौकीच्या भिंतीतच घातलेली, एकाचं तर नावच खोटं निघालं. शेवटी अख्ख्या पेपरात एकही गुन्हा नसलेला माणूस एकच सापडला, आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं होतं.

त्या दिवशी हे घरी आले ते एकदम ताठ. म्हणाले, "मला हातांची खुर्ची दिली."

म्हटलं, "आणि काय दिलं?"

"जबाबदारी."

"म्हणजे बक्षीस खुर्चीला आणि फटके तुम्हाला. वा! बळीच्या बकऱ्यालासुद्धा आधी पाला घालतात."

ह्यांचे कान लाल झाले. ह्यांच्या कानांबद्दल आत्ताच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. हा माणूस खोटं बोलला की कान लाल होतात. लाजला तरी होतात, पण लाजले तर मान खाली जाते आणि खोटं बोलले तर मान वर राहते. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मला ह्यांचं तोंड बघायची गरज पडलेली नाही. नुसते कान बघितले की कळतं.

नुसती सही करायला ठेवलेला माणूस, पण ह्यांनी ती सही अशी काही मनावर घेतली की ऑफिसात सगळे ह्यांना सहीसंपादक म्हणायला लागले. नियम असा, की रोजच्या अंकाच्या दोन प्रती अकराच्या आत पेपरांवर देखरेख करणाऱ्या नियमन मंडळाच्या ऑफिसात पोचल्या पाहिजेत. कुणालाही पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण नाही! हे स्वतः जाणार, आवक-टेबलावरच्या बाईंकडून शिक्का घेणार, आणि पोचपावती घरी आणणार. आमच्या पलंगाखाली एकोणीस वर्षांच्या पोचपावत्या आहेत. झाडू घालायला जागा नाही. मंडळाची नियमांची पुस्तिका तर ह्यांना इतकी पाठ की झोपेत उठवून विचारा, कलम सतरा, पोटकलम दोन? सांगतील.

आणि ती स्टीलची पट्टी! कुणाविरुद्ध काही छापून आलं की त्या माणसाला खुलासा छापून घ्यायचा हक्क. तो त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, त्याच टायपात, आणि त्याच्या एकाही शब्दाला हात न लावता छापायचा. खुलासा आला की हे खिशातून पट्टी काढणार, बातमी मोजणार, खुलासा मोजणार. अर्धा सेंटीमीटर जास्त असला तर परत. एका आमदाराचा खुलासा ह्यांनी तीनदा परत पाठवला होता. आमदार म्हणाला, "तुम्ही मला ओळखत नाही." हे म्हणाले, "ओळखतो, पण तुम्ही बसत नाही."

हे सगळं चालायचं, मी हसायचे. हसू थांबलं ते माझ्यामुळेच.

मी गावाला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत काचसामान धुते. अकरा वर्षं झाली. टाक्यांतून, नळांतून पाण्याचे नमुने बाटल्यांत येतात, आतली माणसं त्यात रसायनं घालून तपासतात, आणि मग रंगीत, चिकट, वास मारणाऱ्या बाटल्या माझ्याकडे. मी कंत्राटी. खात्याच्या हजेरीपटावर माझं नाव नाही, ते ठेकेदाराच्या वहीत. तिथं मला सगळे "बाटल्यावाल्या बाई" म्हणतात. प्रयोगशाळेच्या साहेबांनी अकरा वर्षांत माझ्या तोंडाकडे पाहिलं नसेल. पण माझ्या अंगठ्याची मात्र त्यांच्याकडे फाइल आहे. डाव्या अंगठ्यावर एकदा ॲसिड सांडलं, तेव्हापासून नख मधोमध उभं चिरलेलं आहे आणि एक बाजू काळी. तेव्हा साहेबांनी अपघाताचा अहवाल केला, अंगठ्याचा चार बाजूंनी फोटो काढला, आणि शेरा मारला की कामगाराचा निष्काळजीपणा. काय म्हणावं? चेहऱ्याला विचारत नाही कुणी, पण अंगठा सरकारदरबारी.

तर गेल्या वर्षी काय झालं, माझ्याकडे येणाऱ्या बाटल्या स्वच्छ यायला लागल्या. आधी वाटलं, वा, काम हलकं झालं. मग आठवडा गेला, महिना गेला, सात महिने गेले. रंग नाही, वास नाही, नुसतं पाणी. मी धुतलेल्याच बाटल्या परत धुतेय! आत जाऊन बघितलं तर रसायनांच्या कपाटात कोळ्यानं जाळं विणलेलं. आणि रजिस्टरमध्ये रोजचे बारा नमुने तपासलेले, सगळे "पिण्यास योग्य", खाली झोकात सही. पूर्वेकडच्या वस्तीत घरोघर पोरं पोट धरून बसलेली, दवाखान्यात रांगा, आणि इथे "पिण्यास योग्य".

कुणाला वाटेल बाईला समाजाची फार कळकळ. कळकळ होतीच, नाही कशाला म्हणू? पण आधी राग आला. सात महिने मला येड्यासारखं स्वच्छ बाटल्या घासायला लावल्या! माझ्या मेहनतीची काही किंमत? आतल्या एका शिकल्यासवरल्या माणसाला मी विचारलं, तर म्हणाला, "बाई, तुम्ही धुवा ना, तुम्हाला काय करायचंय?" बस. त्या "तुम्हाला काय करायचंय"नं माझं डोकं फिरलं.

पेपरात एक बातमीदार पोरगी होती. सव्वीसेक वर्षांची, केस नेहमी पेन खोचून बांधलेले. ह्यांना काका म्हणायची, मला काकू. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, कागद लागेल." जेवणाच्या सुटीत मी आत गेले. रजिस्टर जाडजूड, शिवण घट्ट, सोडलं की मिटतं. डाव्या हातानं दाबून धरलं, उजव्या हातानं मोबाइलवर फोटो काढला, तिला पाठवला आणि माझ्याकडचा पुसून टाकला. माझ्या मोबाइलची काच तडकलेली, त्यात धड काय दिसतंय? अक्षरं आली एवढं बघितलं. पोरीनं तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चढवला आणि माझ्यासमोर बसून स्वतःच्या मोबाइलमधूनही पुसला. रजिस्टरचा फोटो बाहेर देणं म्हणजे गोपनीयतेच्या कायद्याखाली दोन वर्षं आत. ती म्हणाली, "काकू, जीव गेला तरी नाव सांगणार नाही." मी म्हटलं, "जीव ठेव, नाव तेवढं विसर."

ह्यांना मी सांगितलं नाही. का? तर कान! ह्यांना कळलं असतं आणि कुणी विचारलं असतं, तर हे तोंडानं नाही म्हणाले असते आणि कानांनी हो.

बातमी पान पाचवर आली, फोटोसकट. मी सकाळी पेपर उघडला, त्या दिवशी पहिल्यांदा पालथा न करता. वाचलं, जिवाला गार वाटलं. फोटो बघितला तर डावीकडचा अनुक्रमांकाचा रकानाच उडालेला, पान लंगडं दिसत होतं. मी आपलं नेहमीसारखं तोंड सोडलं, "काय हो हा फोटो कापलाय! न्हाव्याकडे दिला होता का?"

हे चहा पीत होते. म्हणाले, "जागा नव्हती."

मान वर आणि कान लाल. मला वाटलं, चहा गरम असेल.

मग चक्रं फिरली. आठवड्यात रसायनांच्या पेट्या आल्या. साहेबांनी खुलासा पाठवला. ह्यांनी पट्टी लावली, चार सेंटीमीटर जास्त, परत. दुसऱ्या खेपेला बरोबर मापाचा आला. कुठल्या कारकुनानं लिहिला होता देव जाणे, पण त्याला माझा नमस्कार. त्यात लिहिलं होतं: "गेले सात महिने रसायने नव्हती हे वृत्त धादांत खोटे असून रसायने केवळ सहा महिने वीस दिवस उपलब्ध नव्हती. त्या काळातील तपासण्या कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ अनुभवाच्या आधारे करण्यात आल्या."

मोठे संपादक हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. त्यांना ते पहिल्या पानावर चौकटीत हवं होतं. हे म्हणाले, "नियम. बातमी पाचवर, खुलासा पाचवर. टाइप तोच. स्वल्पविरामालासुद्धा हात नाही." तसाच छापला. बातमी ज्यांनी वाचली नव्हती त्यांनीही खुलासा वाचला. दुकानदार पाण्याचा ग्लास देताना म्हणायला लागले, "घ्या, अनुभवाच्या आधारे शुद्ध आहे."

साहेब भडकले. त्यांनी मंडळाकडे तक्रार ठोकली. दोन मुद्दे. एक, संपादकानं माहिती देणाऱ्याचं नाव सांगावं. दोन, फोटोतला रकाना मुद्दाम कापून वाचकांची दिशाभूल केली, तो कुणी कापला?

नोटीस ह्यांच्या नावानं आली. रोज बारीक अक्षरात छापलेलं नाव त्या दिवशी पाकिटावर केवढं मोठं दिसलं! मोठे संपादक घरी आले, पोरगीही आली. मोठ्या संपादकांनी ह्यांना समजावलं, "'माहीत नाही' म्हणालात की संपलं. कायद्यात संपादक तोच, जो काय छापायचं नि काय नाही ते ठरवतो आणि बातमी कुठून आली ते जाणतो. तुम्ही ठरवलं नाही असं निघालं तर एकोणीस वर्षांची घोषणापत्रं खोटी. नोंदणी रद्द, छपाई बंद, चाळीस माणसं घरी."

"आणि माहीत आहे म्हणालो तर?"

"तर म्हणतील नाव सांगा."

"आणि नाही सांगितलं तर?"

मोठ्या संपादकांनी चहात आणखी साखर मागितली. एवढाले अग्रलेख लिहिणारा माणूस, पण तेव्हा नुसता चमचा ढवळत बसला.

पोरगी रडवेली झाली. "काका, मी तुम्हाला नाव सांगून ठेवते. निदान तुम्हाला शपथेवर खोटं बोलावं लागणार नाही." आणि तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात बशी होती, ती पुसलेलीच मी परत पुसायला लागले.

हे आमच्याकडे पाठ फिरवून कपाटात काहीतरी शोधत होते. तिकडूनच म्हणाले, "नको. कानात गेलं नाही ते तोंडातून निसटत नाही."

त्यानंतर मी तीनदा ठरवलं की सांगून टाकू. एकदा अंथरूण घालताना, एकदा ह्यांच्या शर्टाचं बटण लावताना, एकदा भांडता भांडता. तिन्ही वेळा तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. तारीखही दोनदा पुढे गेली, साहेबांनाच सवड नव्हती. मी आपली रोज बाटल्या धुवायची आणि मनात म्हणायची, अगं, तुझ्यापायी हा साधा माणूस आत जाईल. पण दुसरं मन म्हणायचं, तू सांगितलंस तर तू जाशील. आणि मला भीती वाटायची, हो, वाटायची. मी काही शूर नाही.

सुनावणीला मी डबा घेऊन गेले. घरच्यांना मागच्या बाकावर बसायची परवानगी असते. मंडळाची खोली म्हणजे आधीचं कसलंतरी गोदाम. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. दारात प्रयोगशाळेचे साहेब उभे. माझ्याकडे बघून थबकले. "बाई, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय का मी?"

अकरा वर्षं रोज त्यांच्या टेबलासमोरून ट्रे घेऊन जातेय मी! डावा हात डब्याच्या पिशवीत घातला आणि म्हटलं, "नाही हो. माझं तोंडच तसं आहे, सगळ्यांना पाहिल्यासारखं वाटतं."

मी बाकावर बसले. हे पुढे उभे, इस्त्रीचा शर्ट, खिशात पट्टी. अध्यक्ष म्हातारे होते पण झोपाळू नव्हते, दुर्दैवानं. शपथ झाली. अध्यक्षांनी विचारलं, "या बातमीत काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते तुम्ही स्वतः ठरवलंत?"

मी डोळे मिटले. हा माणूस आता शपथेवर धडधडीत खोटं बोलणार, माझ्यापायी.

"हो. मी ठरवलं."

डोळे उघडून आधी कान बघितले. पांढरेफटक. म्हटलं, उजेड कमी असेल.

"माहिती कुणी दिली ते ठाऊक आहे?"

"आहे."

कान तसेच. मी पुढे सरकून बघितलं. लाल नव्हतेच.

"नाव सांगा."

"नाही सांगणार."

अध्यक्षांनी चष्मा काढला. म्हणाले, संपादकानं नाव लपवलं तर त्याला पाच वर्षं संपादकीय कामातून काढता येतं, आणि तरीही ऐकलं नाही तर प्रकरण कोर्टात पाठवता येतं, तिथं कैदही होऊ शकते. कैद हा शब्द ऐकला आणि मी उठले. खरंच उठले. म्हणायचं होतं, साहेब, ह्यांना सोडा, मी दिलाय फोटो. पण माझ्याआधी डबा उठला. मांडीवरून घसरला आणि फरशीवर असा काही आपटला की झाकण गडगडत थेट अध्यक्षांच्या टेबलापर्यंत.

ह्यांनी मागे वळून पाहिलं. म्हणाले, "माफ करा साहेब, माझी बायको. जेवणाची वेळ झाली की तिला थांबवत नाही." मग माझ्याकडे बघून, हळू पण एकदम करड्या आवाजात, "खाली बस."

अठ्ठावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी त्या आवाजात बोललेला नाही. मी बसले.

साहेबांनी फोटोचा मुद्दा काढला. "मूळ फोटो मागवा, अध्यक्ष महाराज. कापलेल्या भागात काहीतरी आहे, म्हणूनच कापलाय."

"फोटो कुणी कापला?"

"मी."

"किती?"

"दीड सेंटीमीटर."

"कुठून?"

"डावीकडून."

डावीकडून! पिशवीत माझा अंगठा होता, आणि तो मला एकदम जड झाला. रजिस्टर मी डाव्या हातानं दाबलं होतं. कडेला. अंगठा वर, चिरलेलं नख वर. तो फोटोत आला होता. पोरीला माझ्या अंगठ्याचं काय ठाऊक? तिला वाटलं असेल, असेल कुणाचंतरी बोट. पण पान लावणाऱ्यानं पडद्यावर फोटो उघडला आणि बघितला असणार बायकोचा अंगठा, चांगला नारळाएवढा मोठा. काखेत कळसा नि गावाला वळसा तो ह्यांच्यासाठी नव्हताच, वळसा सगळा मीच घालत होते.

"का कापला?" अध्यक्ष.

"कापायला हवा होता म्हणून." कान पांढरे. "संपादकाला तेवढा अधिकार कायद्यानं आहे."

"मूळ फोटो सादर करा."

ह्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली, खुणेचं पान उघडलं. "मूळ मजकूर व छायाचित्रे नव्वद दिवस जपावीत, त्यानंतर नष्ट करून मंडळास कळवावे. नोटिशीत फक्त छापलेला अंक मागितला होता, तो दिला. तारीख दोनदा पुढे गेली, तक्रारदारांच्याच अर्जावरून. नव्वद दिवस जपला. एक्क्याण्णवाव्या दिवशी नष्ट केला. ही मंडळाच्या आवक-टेबलाची पोचपावती." आणि शिक्का मारलेला कागद पुढे ठेवला.

अध्यक्षांनी आवकवाल्या बाईंना बोलावलं. बाईंनी कागद उजेडात धरला आणि म्हणाल्या, "शिक्का माझाच. हे रोज येतात, साहेब. एकोणीस वर्षं. संप होता तेव्हासुद्धा आले होते, आणि मी नव्हते म्हणून रागावले होते."

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण मला हसू येईना. अध्यक्षांनी तिथंच निकाल दिला. तक्रारदाराचाच खुलासा वाचला तर बातमी खोटी ठरत नाही, म्हणून पेपराची नोंदणी कायम. संपादकानं नाव सांगण्यास नकार दिला, म्हणून पाच वर्षं संपादकीय कामातून बाहेर. पान लावणंसुद्धा त्यातच आलं, कारण पान लावणाऱ्यानं काय काढायचं ते ठरवलं, असं त्यानंच शपथेवर सांगितलं होतं. कोर्टात मात्र पाठवलं नाही. उठताना अध्यक्ष ह्यांना म्हणाले, "मी पुष्कळ संपादक पाहिले. पट्टी घेऊन येणारा पहिलाच."

बाहेर आवारात बाकावर बसलो. झाकण चेपलेलं होतं, बसेना. डब्यातलं सगळं एकमेकांत मिसळलेलं. हे तसंच खायला लागले.

मी म्हटलं, "कधी कळलं?"

"फोटो उघडला तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

मला रडू आलं. राग पण आला. म्हटलं, "एवढे महिने मी तडफडतेय, झोप नाही मला, आणि तुम्ही आपले गप्प!"

"तुला कळलं असतं की मला कळलंय, तर तू तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं असतंस. मला तुझा स्वभाव माहीत आहे." मग घास घेऊन म्हणाले, "एकोणीस वर्षं माझं नाव छापत होते. एकदा तरी खरं करावं म्हटलं." आणि मान खाली गेली, कान लाल. हे लाजले होते.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांना छोट्या जाहिरातींत टाकलं. हरवले-सापडले आणि दुःखद निधन. खुर्ची बिनहातांची. घरी म्हणाले, "काम बरं आहे. फोटो येतात ते मेलेल्यांचे, त्यांचं काही लपवावं लागत नाही." मी हसले नाही. सकाळी पेपर आला, सवयीनं पालथा केला. तळाशी दुसऱ्या कुणाचंतरी नाव, त्याच मुंगीच्या अक्षरात. मी ते बराच वेळ बघत बसले. अख्ख्या गावात कुणाला फरक कळला नसेल, कारण ती ओळ वाचत होतं कोण? मी एकटी.

माझं काम चालू आहे. आता बाटल्या चांगल्या घाण येतात, निळ्या, पिवळ्या, गुलाबी. हाताला वास राहतो. साहेब अजूनही माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. मी घासते आणि मला बरं वाटतं.

परवा सकाळी हे पेपर वाचत होते, म्हणजे जाहिराती मोजत होते. चहा देताना मी सहज बोलले, "अहो, महिना झाला, टेकडीवरच्या टाकीची बाटली कोरडीच येते. नमुना कुणी आणतच नाही. रजिस्टरात मात्र रोज भरलेलं."

ह्यांनी जाहिरातींचं पान उलटलं. मग पेपराआडून आवाज आला.

"फोटो काढशील तर अंगठा बाजूला घे. आता तिथं कापायला मी नाही."